मेलचा रंग बघितला, नंबर बघितला नाही



बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या, जेटीवर पहाटेचा गोंगाट परत सुरू झाला. एरवी या पानावर आम्ही बर्फाचा दर, डिझेलची गाडी कधी येणार, हवामान खात्याचा इशारा, असंच काही टाकत असतो. आज जरा लांब लिहिणार आहोत आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत. जुलै महिन्यात सोसायटीच्या नावाने काही सभासदांना जो खोटा मेल गेला, त्याची गोष्ट गावात चार तऱ्हेने फिरते आहे. कोण म्हणतो सोसायटीचा कॉम्प्युटर हॅक झाला, कोण म्हणतो बँकेतून माहिती फुटली. तसं काही नाही. दार आम्हीच उघडून दिलं.

झालं ते असं.

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी म्हणजे आपल्याकडे कागदपत्रांचा हंगाम. जाळी शिवायची, होडीला रंग काढायचा, इंजिन खोलायचं आणि ऑफिसात बसून परवाने, विमा, डिझेल अनुदान यांचे कागद मार्गी लावायचे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सोसायटीच्या मेलवर एक पत्र आलं. वर राजमुद्रा, त्याखाली एका सरकारी खात्याचं नाव, खाली निळी पट्टी, सुबक चौकटीत मजकूर. तुमच्या सोसायटीच्या अनुदानाच्या कागदांत त्रुटी आहेत, आज पाच वाजेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर या वर्षाचा हप्ता थांबेल. आणि मधोमध मोठं निळं बटण : 'कागद पाहा'.

आम्ही तेव्हा जेटीवर होतो. पाऊस कोसळत होता, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल. बटण दाबलं. आपल्या मेलचंच असावं असं पान उघडलं, त्यात पासवर्ड मागितला, आम्ही दिला. पान एकदा फिरलं आणि कोरं झालं. पावसात रेंज गेली असेल म्हणून मोबाईल खिशात टाकला आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी सोसायटीच्या मेलवरून, म्हणजे आपल्या खऱ्या पत्त्यावरून, आपल्या यादीतल्या सगळ्या सभासदांना एक मेल गेला. वर सोसायटीचं चिन्ह, खाली सचिवाचं नाव. अनुदानाचा फरक मंजूर झाला आहे, खातं पडताळण्यासाठी फक्त १० रुपये भरा. दोन घरांत ते बटण दाबलं गेलं. एका घरात कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वडिलांच्या हातातून मोबाईल घेतला, म्हणून वाचले. दुसऱ्या घरातले काका, त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनी कार्डाचा नंबर घातला, आलेला ओटीपीही घातला. १० रुपयांच्या जागी ४६ हजार गेले. नव्या दोरखंडासाठी आणि जाळ्याच्या शिशासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे होते ते.

काका ऑफिसात आले तेव्हा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, तुझं नाव होतं, सोसायटीचं चिन्ह होतं. मग मी नेमकं काय बघायला हवं होतं?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. गेला महिनाभर जाणत्या माणसांना विचारून, स्वतः वाचून, करून बघून जे कळलं ते इथे लिहितो आहोत. काकांच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. थोडं उशिरा आलेलं.

साधा मेल आणि सजवलेला मेल

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियराने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिला मेल पाठवला. तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मेल म्हणजे नुसती अक्षरं. टाईपरायटरवर टाईप केलेल्या पोस्टकार्डासारखा. रंग नाही, चित्र नाही, बटण नाही. जे लिहिलं तेच दिसायचं, जे दिसायचं तेवढंच असायचं.

१९९२ मध्ये 'माईम' नावाची पद्धत ठरली आणि मेलमधून चित्रं, फाईली, वेगवेगळ्या तऱ्हेचा मजकूर पाठवायची सोय झाली. पुढे त्याच दशकात मेलमध्ये 'एचटीएमएल' आलं. एचटीएमएल म्हणजे ज्या भाषेत वेबसाईटची पानं बांधतात ती भाषा. त्यामुळे आज तुम्हाला येणारा रंगीत मेल हा खरं तर कागदावरचं पत्र नाहीच, ते एक छोटं वेबपान आहे. त्याला वरून दिसणारी बाजू आहे आणि आतून लिहिलेली बाजू आहे. आपण वरची बघतो. मोबाईल आतली वाचतो आणि आतल्याप्रमाणे वागतो.

सगळी गोम इथे आहे. वर एक आणि आत दुसरं असू शकतं.

सजवलेला मेल वाईट असं आम्ही म्हणत नाही. बँकेचं स्टेटमेंट, विम्याची पावती, रेल्वेचं तिकीट, सगळं तसंच येतं. होडीला रंग काढणं हा गुन्हा नाही. पण रंग बघून होडी कुणाची हे ठरवता येत नाही, त्यासाठी नंबर बघावा लागतो. आम्ही रंग बघितला.

बटणावर लिहिलेलं आणि बटणामागचं

सजवलेल्या मेलमध्ये लिंक टाकताना दोन गोष्टी वेगळ्या लिहिता येतात : दिसणारा शब्द आणि जाण्याचा पत्ता. 'कागद पाहा' असं दिसेल आणि दाबल्यावर भलतीकडे नेईल. एवढंच काय, वर बँकेचा खरा पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर छापलेला असेल आणि आत दुसराच. जेटीवरच्या बोर्डावर 'डिझेल पंप' लिहून बाण चोराच्या घराकडे काढावा, तसं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मोबाईलवर लिंक किंवा बटण दाबून न सोडता, बोट तसंच धरून ठेवायचं. बहुतेक मोबाईलवर मग खरा पत्ता दिसतो. दिसला की बोट काढायचं आणि तो वाचायचा. काही मोबाईलवर बोट धरलं की ते पानच छोटं होऊन डोकावतं, तसं झालं तर मागे फिरा. कॉम्प्युटरवर माऊस नुसता बटणावर न्यायचा, दाबायचा नाही, खाली कोपऱ्यात पत्ता दिसतो.

पत्ता वाचायचा कसा? आपण टपालाचा पत्ता लिहितो तेव्हा आधी घर, मग वाडा, मग गाव, शेवटी तालुका आणि राज्य. इंटरनेटचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या, आणि त्याची शेपटी बघा. समजा पत्ता असा आहे : 'आमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम'. सुरुवातीला बँकेचं नाव आहे म्हणून आपण फसतो. पण ही जागा बँकेची नाही, 'अमुकतमुक डॉट कॉम'च्या मालकाची आहे. बाकीचं त्याने पुढे चिकटवलं. झोपडीवर 'राजभवन' अशी पाटी लावली म्हणून आत राज्यपाल राहत नाहीत.

आपल्या उपयोगाच्या दोन शेपट्या लक्षात ठेवा. सरकारी खात्याचा पत्ता सहसा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असा संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' ही खास शेपटी आणली आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ही शेपटी कुणाही सोम्यागोम्याला विकत मिळत नाही, फक्त बँकांना मिळते. म्हणून बँकेच्या नावाचं पान उघडलं आणि शेवटी 'बँक डॉट इन' नसेल, तर तिथे एक अक्षरही टाईप करू नका. आधी शाखेत विचारा.

अक्षरांचीही फसवणूक असते. इंग्रजीतलं 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिलं की लहान पडद्यावर 'एम'सारखं दिसतं. रशियन लिपीतली काही अक्षरं इंग्रजी अक्षरांची जुळी भावंडं आहेत. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून एका प्रसिद्ध मोबाईल कंपनीच्या पत्त्यासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता बनवून दाखवला होता. आणि पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. कुलुपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कुणी ऐकत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर कुलूप काय करणार?

पाठवणाऱ्याचं नाव

मेलच्या वर जे नाव ठळक दिसतं, ते पाठवणारा स्वतः लिहितो. तिथे 'मत्स्य खातं' लिहा, 'बँक मॅनेजर' लिहा, कुणी अडवत नाही. खरा पत्ता त्या नावाच्या मागे असतो आणि मोबाईलचा पडदा लहान म्हणून तो लपवलेला असतो. नावावर किंवा बाजूच्या बाणावर एकदा बोट लावलं की उघडतो. आम्हाला आलेल्या मेलमध्ये नाव खात्याचं होतं आणि पत्ता कुठल्याशा परदेशी दुकानाचा. आम्ही नंतर बघितलं. तेव्हा बघितलं असतं तर दहा सेकंद लागली असती.

न दिसणारी चित्रं

सजवलेल्या मेलमधली चित्रं बरेचदा मेलसोबत येत नाहीत. मेल उघडला की मोबाईल ती पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून मागवतो. मागवली की तिकडे नोंद होते : अमक्याने मेल उघडला, अमक्या वेळी. कधी कधी कुठल्या भागातून आणि कुठल्या तऱ्हेच्या मोबाईलवरून, तेही कळतं. यासाठी एक ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्रही टाकतात. त्याचा आपल्याला दिसणारा उपयोग शून्य. पाण्यात गळ टाकून दोरी हलते का बघावं, तसा तो प्रकार. दोरी हलली की कळलं, इथे मासा आहे, आता चांगलं आमिष लावा.

मोठ्या कंपन्यांनी यावर थोडे उपाय केले आहेत. जीमेल २०१३ पासून अशी चित्रं आपल्या कॉम्प्युटरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचा ठावठिकाणा सरळ कळत नाही. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून तशी सोय आहे. पण जीमेलमध्ये मेल उघडला एवढी बातमी अजूनही जाऊ शकते. म्हणून चित्रं आपोआप उघडणं बंद केलेलं बरं. कसं ते खाली लिहिलं आहे.

चित्रांची आणखी एक चलाखी. कधी कधी अख्खं पत्रच चित्र असतं. मजकूर अक्षरांत लिहिला तर खोटे मेल गाळणारी यंत्रणा तो वाचते आणि अडवते, म्हणून चित्र करून पाठवतात. त्यातच क्यूआर कोड देतात. क्यूआर कोड म्हणजे तोंड झाकलेली लिंक. मेलमध्ये आलेला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायला सांगितला, तर शंका घ्याच.

लपवलेली अक्षरं

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लिहिली तर माणसाला दिसत नाहीत, पण यंत्र वाचतं. गाळणी फसवायला ही युक्ती जुनीच आहे. आता नवीन भर अशी की बऱ्याच मोबाईलमध्ये मेलचा थोडक्यात सारांश काढून देणारी एआय सोय आली आहे. २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की मेलमध्ये लपवलेल्या अक्षरांत सूचना लिहिली तर सारांशात खोटा इशारा आणि खोटा फोन नंबर येऊ शकतो. म्हणजे वाचणारा माणूस मूळ मेलमध्ये शोधेल तर तो मजकूर त्याला दिसणारही नाही. आपली तरुण पोरं सारांश वाचून कामं उरकतात. त्यांना हे सांगा. पैशांच्या मेलचा सारांश नको, मेलच वाचायचा.

सोबत आलेली फाईल

काही मेलसोबत एक फाईल येते, जिच्या नावाच्या शेवटी 'एचटीएमएल' किंवा 'एचटीएम' असतं. पावती म्हणून, बिल म्हणून, स्कॅन म्हणून. ती उघडली की मोबाईलवरच एक पान उघडतं आणि पासवर्ड मागतं. ते पान कुठल्या साईटवर नसतं, तुमच्याच मोबाईलमध्ये असतं, त्यामुळे पत्ता तपासायलाही धड मिळत नाही. मत्स्य खातं, विमा कंपनी, बर्फ कारखाना, यांपैकी कुणालाही तुम्हाला अशी फाईल पाठवायची गरज नसते. आली तर उघडू नका.

नुसता मेल उघडला तर काही होतं का?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. एके काळी होत असे. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'बबलबॉय' नावाचा किडा आला. तो सजवलेल्या मेलमध्येच लपलेला होता, फाईल उघडायची गरजच नव्हती. मेल उघडला, काही प्रोग्राममध्ये तर नुसता डोकावून बघितला, तरी तो कामाला लागायचा आणि ओळखीच्या सगळ्यांना स्वतःला पाठवायचा. त्यानंतर मेलच्या प्रोग्रामांनी मेलमधले असे हुकूम चालवणं बंद केलं. म्हणून आज मोबाईल अद्ययावत असेल तर नुसता मेल वाचून सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या बोटाने. पण मोबाईल 'अपडेट करा' म्हणतो तेव्हा वर्षभर 'नंतर' दाबत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की जुनी भोकं त्या अपडेटनेच बुजतात. होडी वर काढली की आपण फळ्यांच्या फटी भरतो, तेच काम.

आणि काकांचं काय?

आता खरी अडचण. वर लिहिलेलं सगळं आम्हाला आलेल्या मेलला लागू पडतं. काकांना आलेल्या मेलला अर्धंच लागू पडतं. कारण काकांनी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला असता तरी तो बरोबरच निघाला असता. मेल खरोखर सोसायटीच्या पत्त्यावरून गेला होता. चिन्हही खरं होतं, आमच्याच जुन्या मेलमधून उचललेलं.

दर्यावर्दी माणसाला ही गोष्ट नवीन नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरच्या 'कुबेर' नावाच्या मासेमारी ट्रॉलरवरून आले. ट्रॉलर आपला, नंबर आपला, नोंदणी खरी. आतली माणसं बदलली होती आणि आपले खलाशी मारले गेले होते. त्यानंतर समुद्रात नुसता नंबर बघून भागत नाही, माणसांची ओळखपत्रं बघतात. आपल्याला तेव्हा त्याचा त्रास वाटला, अजूनही वाटतो. पण कारण सगळ्यांना माहीत आहे.

मेलचंही तसंच. पत्ता खोटा असेल तर मेल नक्की खोटा. पण पत्ता खरा म्हणून मेल खरा, असं नाही. पैशांचा विषय आला की माणसाचा आवाज ऐकायचा. फोन करायचा, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मेलमध्ये बघण्यासारखं तुमच्याकडे फारसं काही नव्हतं. फक्त बटणामागचा पत्ता होता, आणि आमचा फोन नंबर होता. बाकी सगळी चूक आमची.

सोसायटीने काय बदललं

पहिली गोष्ट, पासवर्ड बदलला आणि दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केली. आता नव्या मोबाईलवरून कुणी शिरायचा प्रयत्न केला तर आमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. पण हेही सांगतो, खोट्या पानावर पासवर्डासोबत ओटीपीही आपणच भरला तर ही दुसरी पायरीही चोराला चढता येते. म्हणून लिंकवरून उघडलेल्या पानात पासवर्डही नाही आणि ओटीपीही नाही.

दुसरी गोष्ट, पासवर्ड बदलून काम संपत नाही. चोर जाताना मागचं दार उघडं ठेवतो. मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम घातलेला सापडला : 'बँक' शब्द असलेला प्रत्येक मेल दुसऱ्या एका पत्त्यावर आपोआप पाठवायचा. तो काढला. कुठकुठल्या मोबाईलवर आपला मेल उघडा आहे तेही बघितलं आणि सगळीकडून बाहेर काढलं. ज्यांनी कधी चुकून पासवर्ड दिला असेल त्यांनी या दोन्ही गोष्टी तपासाव्यात.

तिसरी गोष्ट तुमच्याशी संबंधित आहे. यापुढे सोसायटीचा मेल साधा असेल. नुसती अक्षरं. चिन्ह नाही, रंग नाही, बटण नाही, लिंक नाही. सोसायटी मेलवरून कधीही पैसे मागणार नाही, कार्डाचा नंबर मागणार नाही. पैशांची प्रत्येक सूचना जेटीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असेल. फळ्यावर नसेल तर ती सोसायटीची नाही. सुंदर मेल आला तर समजा आमचा नव्हे.

चौथी गोष्ट, कुणाही पुरवठादाराने मेलवरून 'आमचं बँक खातं बदललं' असं कळवलं, तर जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन करून, ओळखीच्या माणसाशी बोलल्याशिवाय एक रुपया जाणार नाही. सचिव आणि खजिनदार दोघांची सही लागेल. इंजिन, जाळी, बर्फ, सगळ्यांना हाच नियम. बोटमालकांनीही स्वतःच्या व्यवहारात हा नियम ठेवावा, असं आमचं सांगणं आहे.

तुमच्या मोबाईलवर करायचं

जीमेल उघडा, वरच्या तीन रेघा, खाली सेटिंग, आपला पत्ता, मग 'इमेजेस' किंवा 'चित्रं' असा पर्याय सापडेल. तिथे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारावं, हा पर्याय निवडा. मेल थोडे भुंडे दिसतील. दिसू देत. ओळखीच्या मेलमध्ये एक बोट लावलं की चित्रं उघडतात.

जे ऑफिसात कॉम्प्युटर वापरतात त्यांच्या थंडरबर्ड आणि आउटलुक या प्रोग्रामांत सगळे मेल साध्या मजकुरात दाखवायची सोय आहे. ती चालू केली की बटण नाहीसं होतं आणि त्याच्या मागचा पत्ता उघडा पडतो. आम्ही आता ऑफिसात तसंच वाचतो. खात्याच्या नावाचा तो मेल आम्ही अशा तऱ्हेने परत उघडून बघितला. राजमुद्रा गेली, निळी पट्टी गेली. उरल्या चार चुकीच्या इंग्रजी ओळी आणि एक लांबलचक वेडावाकडा पत्ता. लहान पोरानेही ओळखला असता.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' इथेही तक्रार करता येते. सोबत बँकेला कळवा, कार्ड बंद करा. पहिला तास मोलाचा, कारण पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येतात, पुढे पुढे सरकले की हाती लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

लाजेचं मुद्दाम लिहितो, कारण आम्हीही गप्प बसलो होतो. पासवर्ड दिल्यावर दोन दिवसांनी आमच्या मनात पाल चुकचुकली होती. पण सचिवच फसला म्हटलं तर लोक काय म्हणतील, म्हणून कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी बोललो असतो तर काकांचे पैसे राहिले असते.

काकांनी त्याच संध्याकाळी १९३० ला तक्रार केली, त्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली आहे. हातात अजून आलेली नाही. दोरखंड आणि शिसं सोसायटीने उधारीवर दिलं, होडी वेळेवर पाण्यात गेली. बाकीच्या रकमेचं काय करायचं, हा विषय पुढच्या सभेत आम्ही स्वतः मांडणार आहोत.

येत्या रविवारी संध्याकाळी चारला, मासळीचा लिलाव आटोपला की, ऑफिसात मोबाईल घेऊन या. घरातल्या बायकांनी तर नक्की या, बँकेचे मेसेज बऱ्याच घरांत त्याच वाचतात. वर लिहिलेली सेटिंग करून देऊ. काकांना वाचवायला जी नव्हती, पण त्या दुसऱ्या घराला जिने वाचवलं, ती मुलगी मदतीला येणार आहे.

आणि तोवर कुठलाही मेल आला, घाई कर म्हणाला, तर घाई करू नका. ऑफिसात फोन करा. रात्री केलात तरी चालेल, आम्ही उचलू.

— सचिव, आणि आपल्या सोसायटीचं ऑफिस